पूर यायच्या आधीच गावाच्या हातात काही पडू शकते का?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका)

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे, वाचून घ्या जी.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, गोसीखुर्द धरणाच्या खाली. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी जो पूर आला तो भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांनी भोगला, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. फक्त एवढंच सांगतो का आमच्या इथं पाणी नदीकडून नाही आलं, नाल्याकडून आलं. नदी भरली का ती नाल्याचं पाणी घेत नाही, मग नाला उलटा चढते आणि मागच्या बाजूनं गावात घुसते. सगळे नदीकडं तोंड करून उभे आणि पाणी मागच्या मोहल्ल्यात ढोरांच्या कोठ्यात.

आता निरोप आलाच नव्हता असं मी म्हणणार नाही. आला होता. व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो फिरत फिरत आला, त्यात होतं "नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे". पण सतर्क राहावे म्हणजे नेमकं करावं काय बावा? धानाचे कट्टे (पोती) कुठं न्यायचे, ट्रॅक्टरवाल्याला भाडं कोण देईल, शाळेची चावी कोणापाशी, गाय-म्हैस बांधायची कुठं आणि तिथं तिला खायला तणस कोण आणून टाकेल, यातलं काहीच त्या पत्रात नव्हतं. मंग काय, लोकं थांबले. पाणी ओट्याला लागलं तेव्हा उठले आणि तेव्हा अंगावरच्या कपड्याशिवाय काही निघत नाही.

मी आता ग्रामपंचायतीत मेंबर आहो. मागं एका ट्रेनिंगमध्ये एक सर सांगून राहिले होते का काही देशांत पुराचा अंदाज आला का पाणी यायच्या आधीच लोकांच्या खात्यात पैसे पडतात. खरं आहे का हे? असेल तं आपल्याकडं काऊन नाही? आपल्याला मदत भेटते, नाही असं नाही, पण पाणी उतरल्यावर पंचनामा, मंग यादी, मंग यादीत नाव आहे पण आधार लिंक नाही, असं करत करत दिवाळी येते. कोणाला माहीत असेल तं सांगा. फालतू राजकारण नको कृपया.

धानाचा_कट्टा (लाखांदूर)

अंदाजावर पैसे? भाऊ, मागच्या साली रेड अलर्ट दिला, शाळेला सुट्टी दिली आणि पोट्टे दिवसभर उन्हात क्रिकेट खेळले. असल्या अंदाजावर सरकार पैसे वाटायला लागलं तं आपल्या इकडं दर आठवड्याला पूर येईल, कागदावर.

आणि खरं सांगू का, आम्हाला पैसे नको, टाइम द्या. वैनगंगेचं पाणी काही आभाळातून डायरेक्ट गावात पडत नाही, ते तिकडं मध्य प्रदेशात सिवनीकडून निघते, संजय सरोवर धरण, बालाघाट, मग गोंदिया-भंडारा आणि मग गोसी. वर पाऊस पडला का खाली पाणी यायला वेळ लागतेच. तेवढा वेळ आमच्या हातात इमानदारीनं दिला तरी पुरे.

चरावरचा_पाहुणा (सध्या गडचिरोली)

प्रश्न विचारणाऱ्या भाऊ, तुमच्या त्या सरांनी बरोबर सांगितलं. मी मदतकार्याच्या कामात होतो, बांगलादेशातल्या नदीकाठी थोडे दिवस राहिलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2020 चंच उदाहरण आहे, तुमच्या पुराच्या दीड महिना आधीचं. आपली ब्रह्मपुत्रा बांगलादेशात गेली की तिला जमुना म्हणतात, तिच्या पात्रात वाळूची बेटं असतात त्यांना चर म्हणतात आणि त्यावर लाखो लोक राहतात. संयुक्त राष्ट्रांचा जो आपत्कालीन निधी आहे त्यांनी तिथं आधीच ठरवून ठेवलं होतं की अंदाज अमुक पातळीच्या वर गेला तर पैसे सुटतील, मीटिंग नाही, प्रस्ताव नाही, साहेबांची सही नाही. दोन टप्पे होते. लांबच्या अंदाजावर फक्त तयारी सुरू करायची, आणि साधारण पाच दिवस आधीच्या अंदाजानं आकडा ओलांडला की प्रत्यक्ष वाटप. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिला टप्पा लागला, 11 जुलैला दुसरा. एकूण 52 लाख डॉलर पुराचं पाणी टोकाला पोचायच्या आधी सुटले. जागतिक अन्न कार्यक्रमानं एकेका कुटुंबाला 4,500 टका (तिकडचं चलन) दिले ते मोबाइलवर, आणि संयुक्त राष्ट्रांच्याच शेतीवाल्या संस्थेनं ढोरांसाठी खाद्य आणि बियाणं-धान्य ठेवायला पाणी न शिरणारे ड्रम दिले.

आता लोक म्हणतील साडेचार हजार टका मिळून काय होते. पण त्या वेळी ते होते ना! नाववाल्याला भाडं देता येतं, तांदूळ महाग व्हायच्या आत घेता येतो, सावकाराकडं जायची पाळी येत नाही, बकरी पडत्या भावात विकावी लागत नाही. नंतर संशोधकांनी तपासलं तेव्हा ज्यांना पैसे आधी मिळाले त्यांच्यात पुराच्या दिवसांत अख्खा दिवस उपाशी काढायची वेळ येण्याची शक्यता 36 टक्क्यांनी कमी निघाली, आणि तीन महिन्यांनंतरही त्यांची खाण्यापिण्याची स्थिती बाकीच्यांपेक्षा बरी होती. तोच पैसा पूर ओसरल्यावर दिला असता तर तो व्याजात गेला असता.

लाखांदूरवाल्या भाऊंचा मुद्दा चुकीचा नाही. अंदाज फसतात आणि फसणारच. म्हणून ही पद्धत राबवणारे आधीच मान्य करून टाकतात की काही वेळा पैसे जातील आणि पूर येणार नाही. त्यावर उपाय एकच, कामं अशी निवडायची की पूर नाही आला तरी ती वाया जात नाहीत. ढोरांना पेंड दिली, पूर नाही आला, तर ढोरांनी खाल्ली. ड्रम दिला तर तो पुढच्या वर्षी आहे. आणि आकडा मात्र आधी लिहून ठेवायचा. नाहीतर ऐन वेळी प्रत्येकजण वाट बघतो की आधी दुसऱ्यानं निर्णय घ्यावा, म्हणजे उद्या काही झालं नाही तर माझ्यावर खर्चाचा ठपका नको. तुमच्या पत्रात "सतर्क राहावे" याच्यापुढं काही नव्हतं ना, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

संत्राबाग_वरुड

आकडा लिहून ठेवा म्हणणं सोपं आहे साहेब. आम्ही संत्रावाले त्या आकड्यावरच जगून राहिलो. आंबिया बहार, मृग बहार (संत्र्याचे दोन हंगाम), हवामानावर आधारित फळपीक विमा, त्यात सगळं ट्रिगरवरच आहे, इतके दिवस इतका पाऊस नाही पडला का पैसे, इतकं टेम्परेचर वर गेलं का पैसे. पंचनामा नाही. ऐकायला एकदम मस्त. पण पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या एका जागी उभं आणि बाग तिथून कितीतरी लांब. आमच्या वावरात गळ होऊन खाली संत्र्याचा सडा पडला आणि यंत्र म्हणते सगळं ठीक आहे. चौकशी केली तं कंपनीचा माणूस म्हणे "ट्रिगर लागला नाही काका". आता काय त्या यंत्राच्या पाया पडू का?

आणि तोही पैसा नंतरच येते, आधी नाही. म्हणून सांगतो, आकडा ठरवाल तं कोणत्या जागचा आकडा ते आधी पाहा. नाल्याचं पाणी जिथून गावात शिरते तिथला पाहिजे. तालुक्याच्या गावचा पाऊस घेऊन काय करता?

धानाचा_कट्टा (लाखांदूर)

हे मात्र लाख बोलले वरुडवाले.

फेरफार_रिटायर्ड

महसूलमध्ये नोकरी झाली माझी, त्यातला बराच काळ नदीकाठच्या साझ्यात. पैशाचा हिशोब सांगतो कारण "सरकारकडे पैसा नाही" हे जे सगळे धरून चालतात ते पूर्ण खरं नाही.

पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले, 80 टक्के प्रतिसादासाठी आणि 20 टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका आधीच कमी करायच्या कामांसाठी. त्या 80 मध्येही परत 40 मदतीला, 30 पुनर्बांधणीला आणि 10 पूर्वतयारी आणि क्षमता वाढवायला. म्हणजे "आधी" या शब्दाला सरकारी हिशोबात जागा आहे. पण अंदाज आला की थेट कुटुंबाच्या खात्यात पैसा, अशी पद्धत गावपातळीवर मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. पैसा नुकसानीशी बांधलेला असतो, नुकसान दाखवा आणि मग घ्या. दुधाळ जनावर दगावलं तर केंद्राच्या 2022 च्या निकषाप्रमाणे 37,500, शेळी 4,000, कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 आणि तेही 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर, दोन हेक्टरपर्यंत. आता चांगली म्हैस बाजारात कितीला येते ते तुम्हालाच माहीत. मेलेल्या म्हशीसाठी सदतीस हजाराची तरतूद आहे आणि ती जिवंत राहावी म्हणून उंचावर न्यायच्या ट्रॅक्टरच्या भाड्याची नाही, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं, आता तर बोलायला मोकळा आहे.

ओडिशा बघा ना. 1999 च्या महाचक्रीवादळात दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. 2013 ला फायलिन आलं, तेही जबरदस्त, पण त्याच्या आधी दहा लाखाच्या घरात लोक हलवले होते आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या काळात त्यांनी निवारे बांधले, गावागावात माणसं तयार केली, कोणी कोणाचं दार ठोठवायचं इथपर्यंत ठरवलं. वादळ समुद्रातून दिसत येतं, नदीचा पूर त्याहून जास्त दिसत येतो, मग नदीला ते का जमू नये?

मेंबर साहेब, तुमच्या पंचायतीच्या कपाटात गावाचा आपत्ती आराखडा असेल. काढून बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात बदलून गेलेल्या ग्रामसेवकाचा फोन नंबर असतो. तो फाडा आणि एका पानाचा नवीन करा. पुलाच्या खांबावर ऑइल पेंटनं तीन पट्टे मारा. पिवळ्याला पाणी लागलं की कोतवाल दवंडी देईल आणि कागदपत्रं, सातबारा, पासबुक, आधार प्लास्टिकच्या पिशवीत. केशरीला ढोरं सोडायची आणि कट्टे शाळेत. लालला माणसं बाहेर, मग कोणाचं ऐकायचं नाही. प्रत्येक पट्ट्यापुढं माणसाचं नाव लिहा. "समिती" असं लिहू नका, समिती कधी कोणाचं दार वाजवत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 भिंतीवर मोठ्या अक्षरात. आणि मोबाइलवर सचेत ॲप टाकून घ्या, त्यावर जिल्ह्याचे अलर्ट मराठीतही बघता येतात.

आशाताई_नागभीड

मी आशा आहे, पुराचं सगळे बोलून राहिले म्हणून मी दुसरं बोलते.

काका तुमच्या पानावर माझी यादी पण टाका. कोण बाई शेवटच्या महिन्यात आहे, कोण बाळंतीण आहे, कोणाची बीपी-शुगरची गोळी चालू आहे, कोण खाटेवर आहे, हे आमच्या रजिस्टरमध्ये असतेच, पण पुराच्या वेळी ते रजिस्टर कोणी मागत नाही. केशरी पट्ट्याला पाणी लागायच्या आधी ह्या बाया तालुक्याला गेल्या पाहिजे, ढोरांच्या पण आधी, माफ करा पण लोक आधी ढोरं काढतात हे मी पाहिलं आहे. आणि महिन्याच्या गोळ्या आधी वाटून टाकायच्या, नंतर रस्ताच राहत नाही.

दुसरं, आमच्याकडं पुरापेक्षा ऊन जास्त मारते आणि त्याचा फोटो पेपरात येत नाही. ब्रह्मपुरी, चंद्रपूरचं नाव देशात सगळ्यात गरम म्हणून टीव्हीवर येते, पोट्टे स्क्रीनशॉट टाकतात जसा काही बक्षीस भेटला. आणि त्याच दिवसांत बाया तेंदूपत्त्याला जंगलात असतात. पहाटे निघाल्या का दहापर्यंत पानं तोडायची, मग घरी येऊन पुडके बांधायचे, मग दुपारी फळीवर (पानं विकत घेतात त्या जागी) नेऊन द्यायचे. ऊन आहे हे तिला समजत नाही का? समजते. पण हंगाम थोड्या दिवसांचा, एक दिवस घरी बसली तं त्या दिवसाची मजुरी गेली. तिला अलर्टचा मेसेज पाठवून काय उपयोग.

मी वाचलं होतं का सेवा म्हणून बायांची जी संघटना आहे गुजरातची, त्यांनी 2024 मध्ये उन्हाचा आकडा ठरवला आणि तो ओलांडला तं त्यांच्या मेंबर बायांच्या खात्यात 400 रुपये टाकले, हजारो बायांना. चारशे म्हणजे एक-दीड दिवसाची मजुरी. म्हणजे तिला घरी राहणं परवडलं. वैनगंगाकाठ दादा, तुम्ही जे विचारलं ते हेच आहे ना, फक्त पाण्याच्या जागी ऊन. अहमदाबादनं 2010 च्या उन्हाळ्यात खूप माणसं गमावली आणि मग 2013 पासून उष्णतेचा आराखडा केला. नागपूर शहरात पण आहे. खेड्याला कोण करेल? फळीची वेळ दुपारची काढून संध्याकाळची केली तरी अर्ध काम होते, त्याला तं पैसा पण लागत नाही.

आणि रोवण्याच्या (धान लावायच्या) टाइमला वीज. बांधीत (धानाच्या वावरात) चिखलात बाया वाकलेल्या, गडगडलं का सगळ्या धुऱ्यावरच्या झाडाखाली, आणि झाडच तं धोक्याचं. दामिनी ॲप आहे, पुण्याच्या हवामान संस्थेचं, आजूबाजूच्या 20-40 किलोमीटरमधल्या विजेचं सांगते. पण बाईचा फोन घरी नवऱ्यापाशी असते. मी आमच्या इथं मुकादमाच्या फोनमध्ये टाकून दिलं आहे, तो ओरडला का सगळ्या निघतात.

जुना_मोवाडकर

30 जुलै 1991. आमचं मोवाड. वर्धा नदीचा पूर. दोनशेच्या वर माणसं गेली. तेव्हा मोबाइल नव्हते, ॲप नव्हतं, ही सबब तरी होती.

ताईचं बरोबर आहे, माणसं आधी. आणि रिटायर्ड साहेब, दवंडीवर एकट्यावर विसंबू नका. पावसाच्या आवाजात दवंडी ऐकू येत नाही, रात्री तर नाहीच. भोंगा ठेवा, मंदिराचा असो का मशिदीचा, आणि त्याला बॅटरी ठेवा कारण लाइट पहिली जाते.

केव्हीके_जुना_कर्मचारी

एक भर टाकतो. तालुक्यापर्यंतचा शेती-हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा तो बऱ्याच जिल्ह्यांत केव्हीकेमधल्या (कृषी विज्ञान केंद्रातल्या) जिल्हा कृषी हवामान केंद्रातून निघायचा. ती केंद्रं 2018 च्या सुमारास सुरू झाली आणि 2024 मध्ये बंद केली. अंदाज आजही येतो, नागपूरच्या प्रादेशिक केंद्राच्या साइटवर जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग दिसतो. पण "पाऊस येणार आहे तर युरिया आज टाकू नका, पऱ्हे (धानाची रोपं) काढलेले असतील तर बांधीतलं पाणी सोडा" असं आपल्या भाषेत सांगणारा माणूस गेला. अंदाज आणि काम यांच्यामधला हा माणूस सगळ्यात स्वस्त असतो आणि कात्री पहिली त्याच्यावरच लागते. बोलण्यासारखं खूप आहे, थांबतो.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका)

सगळ्यांचे आभार जी. दोन-तीन गोष्टी डोक्यात पक्क्या झाल्या.

पट्टे नदीच्या पुलावर नाही तं नाल्याच्या पुलावर मारतो, वरुडवाल्या काकांनी म्हटलं तसं, कारण आमचं पाणी तिकडूनच येते. आशाताईची यादी पानाच्या सगळ्यात वर. भोंग्याला बॅटरी.

राहिला ट्रॅक्टरच्या भाड्याचा प्रश्न. गावात तीन ट्रॅक्टर आहेत, मालक आपलेच, पण डिझेल कोणाच्या खिशातून? मला वाटते ग्रामसभेत आधीच ठराव घ्यावा का केशरी पट्ट्याला पाणी लागलं का सरपंच आणि सचिवाला न विचारता डिझेल भरायचं, पावती दाखवली का ग्रामपंचायत तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून देईल, घरपट्टी-बाजाराचा जो पैसा असते त्यातून. रक्कम लहान आहे पण ती आधी मंजूर पाहिजे. असा ठराव चालतो का?

फेरफार_रिटायर्ड

ठराव घ्या. वरची मर्यादा लिहा, पूर नाही आला तरी खर्च मान्य राहील हे वाक्य मुद्दाम लिहा, नाहीतर ऑडिटवाला पहिला प्रश्न तोच विचारेल की पूर आला नाही तर डिझेल कशाला जाळलं. आणि विषय 15 ऑगस्टच्या सभेसाठी ठेवू नका, तोपर्यंत अर्धा पावसाळा जातो. मे महिन्यातच विशेष सभा लावा, विषय लेखी द्या, ऐन वेळच्या विषयात ढकलू नका.

धानाचा_कट्टा (लाखांदूर)

पूर नाही आला तरी खर्च मान्य, हे वाक्य आवडलं. असं असेल तं माझा विरोध नाही.

फक्त पट्टे कठड्यावर मारू नका, खांबावर मारा, पुरात कठडे राहत नाही. आणि लाल पट्टा किती उंचीवर पाहिजे ते इंजिनिअरला विचारायच्या आधी ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी पुलाला कुठं लागलं का कोणत्या घरात शिरते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. डोंगे पण त्यांच्यापाशीच आहेत. त्यांच्या मजुरीचं पण त्याच ठरावात लिहून टाका, दर वेळी त्यांना फुकटात बोलावता.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका)

लिहितो. डोंगेवाल्यांचा रेट काय धरायचा, तिकडं काय चालते?

धानाचा_कट्टा (लाखांदूर)

मासेमारीचा एक दिवस बुडते त्याचे पैसे आणि वरून जोखमीचे. आकडा त्यांनाच सांगू द्या.